मुद्देमालातून सुटलेला विळा

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. जवळ या, पण बोटं लांब ठेवा. माझा कुणावर भरवसा नाही, आणि माझ्यावर तर देऊळघाटात कुणाचाच नाही.

चिखलीच्या लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या पाट्यातून घडवलं आणि बाभळीची मूठ बसवली. मला विकत घेतलं कडूबाने. सोयाबीनच्या सोंगणीत माझा हात धरणारा दुसरा विळा नव्हता. शेजारणी मलाच मागून नेत.

सात वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कडूबाची आणि शेजारच्या कारभारीची जुंपली. झोंबाझोंबीत कारभारीच्या खांद्यात विळा घुसला. कडूबानेच मारलं, असं कारभारी म्हणाला. मी तेव्हा सोंगलेल्या ढिगाखाली होतो. घुसलेला विळा मी नव्हे, एवढं पक्कं. पण शेतात आणखी चार विळे होते, आणि ढिगाखालून मला काय दिसणार? तेव्हापासून मलाही धन्याचा संशय येऊ लागला.

पोलिसांनी नेमकं मलाच उचललं. माझ्यावर रक्त होतं, सकाळी कडूबाचं बोट कापलं त्याचं. पण ऐकतो कोण! कापडात गुंडाळून, लाखेची मोहोर लावून मला मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. खालच्या कोर्टाने कडूबाला शिक्षा दिली. तो जामिनावर सुटला आणि अपिलात गेला.

गेल्या वर्षी हायकोर्टाचा निकाल आला. पंचाने पंचनाम्यावर न वाचताच सही केलेली, माझ्यावरची मोहोर फुटलेली, रक्त कुणाचं हे ठरलेलंच नाही. संशयाचा फायदा मिळून कडूबा सुटला. मग अर्ज करून त्याने मलाही सोडवून आणलं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कशाचं काय! शेजारीण सुवर्णाबाई विळा मागायला आल्या आणि मला पाहून मागे सरल्या. "हा नोको वो माय, दुसरा असन तं दे."

त्यांचं सोडा. कडूबाची बायको कोकिळा काम संपलं की मला कणगीमागे दडवायची. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून! मला फार वाईट वाटे.

एका दुपारी कडूबाने मला मागितलं. तिने दिलं नाही.

"खरं सांगा, कारभारीले तुमीच मारलं का?"

"हायकोर्टानं सोडलं ना मले!"

"कोर्टानं काय म्हटलं, वकिलानं काय सांगतलं, ते नोका सांगू. मी तुमाले इचारून राह्यली."

कडूबा म्हणाला, "नाई वं. त्यानं मले ओढलं, अन् आपल्याच हातातल्या इळ्यावर पडला."

"मंग इतके वर्स मले काऊन नाई सांगतलं?"

"पोलिसानं इचारलं, वकिलानं इचारलं, जजसाहेबानं इचारलं. तूच इचारलं नाई. मले वाटे, तुहा माह्यावर भरोसा हाय, म्हणून इचारत नाई."

कोकिळाला रडू फुटलं. तिने मला कणगीमागून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, मी जन्माचा संशयी, पण कडूबाचं बोलणं मला पटलं. मला गंज चढला तर दगडावर घासून काढता येतो. घरच्या माणसाबद्दल मनात काही आलं तर मात्र ते दडवू नका, त्यालाच विचारा. सात वर्षं कोकिळा संशयाने गप्प राहिली, आणि कडूबा तिच्या त्या गप्प राहण्याच्या आधारावर जगला.