क्वेताबाईंचे मासे

मी एक जुनी काचपेटी आहे, मित्रांनो. वरून पाहाल तर कॉफीचं टेबल, आत पाहाल तर माशांचं घर. बेच्वा नदीकाठच्या गावात म्हाताऱ्या ओटाकरांनी मला घरीच बनवलं. मोडीत निघालेल्या दुकानाच्या काचा, जुन्या पलंगाचे पाय आणि कोपरे जोडायला सिलिकॉनचा चिकट लेप. ते वाळेपर्यंत घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला आणि त्यांची बायको क्वेताबाई खोकून बेजार झाली.

सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. तिचे पाय लुळे पडले होते, नदीवर जाणं कायमचं सुटलं होतं. सोफ्यावर पडून ती दिवसभर माझ्यातले लालनिळे मासे बघायची.

"टेबल वाकडं केलंयस हं तू."

"मासे सरळ पोहतायत ना? मग झालं तर."

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग नाताळ आला. आमच्याकडे त्या रात्री ताटात कार्प मासा लागतो. तो आधी जिवंत आणून न्हाणीघरातल्या टबात सोडायचा, ही जुनी रीत. लेक राद्का सवयीने बादलीत भलामोठा कार्प घेऊन आली. पण आईला पाय उचलून आत जाता येईना, म्हणून टब त्याच वर्षी काढून टाकला होता.

"आता ह्याला ठेवू कुठे, बाबा? डोक्यावर?"

"टेबलात सोड. दोन दिवसांचा तर पाहुणा."

छोटे मासे लोणच्याच्या बरणीत घालून बरणी खिडकीत ठेवली. कार्पला माझ्यात वळताही येईना. त्याने शेपटी हाणली, माझा कोपरा उसवला आणि पाणी गालिच्यावर वाहिलं. गालिचा पुसण्याच्या धांदलीत बरणी सगळेच विसरले, आणि छोटे मासे गारठून मेले. क्वेताबाईंनी त्या रात्री कार्पचा घासही घेतला नाही.

"कधी भरशील रे ही पेटी?" ती ओटाकरांना विचारायची.

"वसंतात कोपरा जोडतो, मग भरू. खिडक्या उघडता येतील. त्या वासाने तुला पुन्हा खोकला नको."

बोलणं मायेचंच होतं. ती माझ्या कोरड्या वाळूकडे बघत राहायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बर्फ वितळायच्या आधीच ती गेली.

तिला पुरून आल्यावर ओटाकरांनी माझा कोपरा जोडला. खिडक्या बंदच होत्या. पाणी भरलं, नवे मासे सोडले. आता ते आपल्या खुर्चीत बसतात आणि रिकाम्या सोफ्याला विचारतात, "सरळ पोहतायत ना?"

मित्रांनो, कोणी ज्याची वाट बघतंय, ते काम पुढच्या ऋतूवर ढकलू नका. माझा कोपरा आता पक्का आहे. एक थेंबही गळत नाही.