आधीच काढून घेतलेलं हसू

'शिंगं फुटली' या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तेरा ते सतरा वर्षांची पोरं माइकसमोर एकटी उभी राहून लोकांना हसवत. बिट्टू पंधरा वर्षांचा. त्याच्या रेकॉर्डिंगसाठी आईनं दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरून सुट्टी घेतली आणि ती घरच्यांसाठी राखलेल्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

पोरं यायच्या आधी एक हेडफोनवाला पुढं आला. "आत्ताच हसून घ्या. ऐन वेळी कुणी शिंकतं, कुणी मोबाइल बघत बसतं. हं, आता पोट धरून! ताई, तुम्ही फर्स्टक्लास! पुन्हा एकदा!"

समोर काहीच नसताना हसायचं, याचंच तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरा तिच्या तोंडासमोरच होता.

मग बिट्टू आला. शाळेच्या बसवरचे दोन विनोद झाले. आरशासमोर म्हणून म्हणून ते तिलाही पाठ झाले होते. तिसरा मात्र तिनं कधीच ऐकला नव्हता.

"आमचे आजोबा रोज दोन तास पेपर वाचतात. परवा मी मुद्दाम उलटा दिला. अर्धा तास वाचला आणि म्हणाले, आज काही खास नाही."

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

आजोबा, म्हणजे तिचे अप्पा, चौतीस वर्षं पोस्टात पत्ते वाचून टपाल लावायचे. कुणाचंही गिचमिड अक्षर त्यांना लागायचं. गेल्या वर्षी मेंदूला झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सुधारलं, वाचणं तेवढं परत आलं नाही. "कुणाला कळू देऊ नकोस," एवढंच त्यांनी लेकीकडे मागितलं होतं. दुपारी दवाखाना बंद असताना ती घरी येऊन त्यांना पहिलीचं पुस्तक शिकवायची.

"आई त्यांना पहिलीचं पुस्तक शिकवते," बिट्टू पुढं म्हणाला. "मला शिकवताना हातात पट्टी असायची. त्यांना म्हणते शाब्बास! हा वशिला नाही तर काय?"

रेकॉर्डिंग संपताच तिनं त्याचा दंड धरला. "कुठून कळलं तुला?"

"पुस्तक गादीखाली सापडलं. आई, परीक्षक उभे राहिले गं माझ्यासाठी!"

तिनं हेडफोनवाल्याला गाठलं. "आजोबांचं तेवढं काढून टाका." त्यानं मान डोलावली. नंतर तिनं फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काढलंय ताई, चांगलं मिनिटभर काढलंय." तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर बसले. बिट्टू पडद्यावर आला आणि थेट म्हणाला, "आमचे आजोबा..." काढली होती ती शाळेची बस.

उलटा पेपर झाला, पहिलीचं पुस्तकही झालं. लगेच पडद्यावर तिचा चेहरा आला. पोट धरून, डोळे पुसत ती हसत होती.

अप्पांनी नातवाकडे पाहिलंही नाही. लेकीकडे वळले. "तूच सांगितलंस? आणि वर हसलीससुद्धा?"

"अप्पा, ते हसू आधीचं आहे. विनोद व्हायच्या आधीच काढून घेतात ते." बोलता बोलता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं.

"विनोदाच्या आधी हसलीस?" अप्पा म्हणाले. "वाचणं गेलंय गं माझं. अक्कल नाही गेली."



"आई हसली नव्हती," बिट्टू म्हणाला. टीव्हीवर टाळ्या चालू होत्या, त्यानं आवाज बंद केला. "तिला माहीतच नव्हतं. पुस्तक मीच शोधलं. मी स्टेजवरून तिच्याकडेच बघत होतो. पेपरचं ऐकल्यावर तिचा चेहरा पार पडला होता."

अप्पांची नजर खाली गेली.

आईला मात्र आता कुठं खरा हादरा बसला. इतके दिवस ती धरून चालली होती, की दिव्यांच्या झगझगाटात पोराला आपण दिसलोच नसू.

"दिसत होते ना मी तुला?" तिनं विचारलं. "मग तरी पुढं पुस्तकाचं का सांगितलंस?"

बिट्टूनं खांदे उडवले, पण ते त्याला नीट जमलं नाही.

"लोक हसत होते," तो म्हणाला.

अप्पांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो जाणवलाही नाही. ती पोराकडे बघत राहिली. याच्याशी काय बोलायचं, हे पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिला सुचेना.