गुडघ्यातला पू आणि मोज्यातल्या गोळ्या

पंचाच्या कृत्रिम गुडघ्यात जंतू राहायला आले होते. भाडेकरूसारखे नव्हे, घरजावयासारखे. हलायचं नाव नाही. गुडघा लालबुंद, तापलेला, आणि जुन्या टाक्यांशी पडलेल्या भोकातून चिकट पाणी. लोक त्याला पंच म्हणत, कारण सारा जन्म त्यानं फुटबॉलच्या मैदानात शिट्टी फुंकण्यात घालवला होता. त्यात स्वतःची चूक त्याला एकदाही सापडली नव्हती. शोधायला वेळ कुठे होता?

आणि शहरात एवढे सर्जन असून नशिबी आला तो नेमका हा. हा कॉलेजात असताना पंचानं याला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर हाकललं होतं.

"जंतू मारायच्या गोळ्या पूर्ण बंद," सर्जन म्हणाला. "दोन आठवडे. मग सुई घालून सांध्यातलं पाणी काढू आणि त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवू. तो कोण ते कळलं की हा सांधा काढायचा, औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता बसवायचा, शिरेतून नेमकं औषध द्यायचं. सगळं स्वच्छ झालं की नवा गुडघा."

"म्हणजे आधी जंतूंना सुट्टी?"

"गोळ्यांनी ते मरत नाहीत, दडून बसतात. दडलेला जंतू सापडत नाही."

बाहेर येताच पंच ताईच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, कानाशी लागला. "सूड घेतोय."

"अरे, एका कार्डाचा सूड घ्यायला माणूस इतकी वर्षं डॉक्टरकी शिकेल?"

"चिवट माणूस शिकेल."

पंचानं सरळ न्याय लावला: हा बंद म्हणतो, म्हणजे चालू. उरलेल्या गोळ्यांची बाटली त्यानं मोज्यात खुपसली आणि रोज दात घासताना एक गिळली. गुडघ्याला जरा बरं वाटलं. पंचाला तर फारच.

दोन आठवड्यांनी सुई झाली, आणि अहवाल आल्यावर सर्जनचा चेहरा आंबट झाला. "पाण्यात पू आहे, पण जंतू एकही वाढला नाही. गोळी घेतलीत?"

"मी? मी नियमाचा माणूस."

"डाव्या मोज्यात आहेत," ताई म्हणाली.

"ताई!"

"काय ताई? चालताना खुळखुळ्यासारखा वाजतोस. सांधा निखळला समजून मी उशीत तोंड खुपसून रडले, मेल्या. आज तू लंगडत आत आलास, तेव्हा मोज्यातून बाटलीचं झाकण डोकावलं आणि कळलं आवाज कशाचा ते."

सर्जननं पेन टेबलावर आपटलं. "अंदाजानं औषध दिलं आणि अंदाज चुकला, तर नवा सांधाही सडेल. मग पाय मांडीतून कापावा लागेल. कळतंय का, पंचसाहेब?"

"तेच हवंय ना तुला? कार्ड विसरला नाहीस!"

"नाही विसरलो. तो फाउल नव्हताच."

"होता."

"माझा पाय चेंडूला लागला!"

"चेंडू कुठला? तो त्या पोराचा घोटा होता."

"या दोघांना एकाच खाटेवर बांधा," ताई भिंतीला म्हणाली.

सर्जन पुढे वाकला. "ऐका. तुमचं तोंडही मला बघवत नाही. पण उद्या तुमचा पाय गेला, तर अख्खं गाव म्हणेल की मी दावा साधला. मरेपर्यंत ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. तुमचा पाय मी वाचवणार, तुम्हाला आवडो न आवडो."

सर्जन मायेनं बोलला असता, तर पंचानं कणभरही विश्वास ठेवला नसता. पण स्वतःच्या अब्रूसाठी दात-ओठ खाणारा माणूस त्याला चांगलाच कळत होता. त्यानं मोजा उतरवला आणि बाटली टेबलावर ठेवली. सर्जननं ती चिमट्यानं उचलली.

पुढचे दोन आठवडे गुडघ्यानं सगळं वसूल केलं. ताप चढला, ठणका मस्तकात गेला. पंच दिवसभर सर्जनला शिव्या द्यायचा, आणि ताई त्याचे मोजे झडती घेऊन धुवायची. पण गोळी त्यानं घेतली नाही.

पुन्हा सुई झाली, आणि या खेपेला जंतू वाढला.

"कातडीवरचा आहे," सर्जन म्हणाला. "अगदी साधा."

"साधा? एवढे हाल केले, आणि साधा?" पंचाचा अपमान झाला.

"साधा असला तरी चिवट. पण याच्यावर औषध लागू पडतं. पाय वाचण्याची आशा चांगली आहे."

ऑपरेशनच्या दिवशी सर्जननं दुखऱ्या पायावर शाईनं बाण काढला. पंचानं तो दोनदा तपासला, दुसऱ्या पायावर फुली मारून घेतली आणि डोळे मिटले. दुसऱ्या कुणाचा निर्णय त्यानं हरकत न घेता मान्य करण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे हरकत त्यानं घेतली, पण तोवर भूल चढली होती आणि तोंडावर मास्क होता.