दहापैकी किती

माझं काम फोन करण्याचं. महासाथीतून वाचलेल्या, पण धड बऱ्या न झालेल्या चारशे माणसांवर आमचं संशोधन चाललं होतं. दर दोन महिन्यांनी प्रत्येकाला तेच सोळा प्रश्न. जिना चढताना धाप किती लागते, दहापैकी आकडा सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पाऊलही उचलत नाही. आवाजात दया नको, कौतुक नको, 'अरे वा' तर मुळीच नको, अशी ताकीद होती. आणि नात्यातल्या माणसाला फोन करायचा नाही, हा पहिला नियम.

यादीत नावं नसायची, नुसते फोन नंबर. दादाचा नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. तो नेमका माझ्याच वाट्याला आला आणि मी तोंड मिटून बसले. दुसरी कुणी पाच मिनिटांत उरकून मोकळी झाली असती. म्हटलं, आपणच नीट विचारू. शहाणी ना मी.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद पडली की त्याला बोलावणार, म्हणजे लिफ्टवाल्याचा जन्म जिने चढण्यातच गेला. आजारातून उठला तो अर्धा होऊन. संशोधनात होता म्हणून आमच्या दवाखान्यात दर आठवड्याला श्वासाचे व्यायाम आणि औषध मिळायचं. पहिल्या फोनला त्याने सात सांगितला. दुसऱ्याला तीन. मला इतका आनंद झाला की 'अरे वा' तोंडून निघून गेलं. पुढे दोन, मग पुन्हा दोन.

लागोपाठ तीनदा आकडा तीन किंवा त्याखाली आला की माणूस 'बरा' धरायचा आणि त्याची जागा रांगेतल्या पुढच्याला द्यायची. दादाच्या नंबरासमोर ती खूण मीच केली.

महिन्याभराने न सांगता त्याच्या घरी गेले. जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची ठेवलेली. वहिनी म्हणाली, वर्ष झालं तिथेच आहे. तुम्ही येणार असं कळलं की उचलून ठेवायला लावतात.

दादा खाली मान घालून हसला. आकडे उतरले की संशोधन यशस्वी, आणि संशोधन यशस्वी झालं की बहिणीची नोकरी पक्की, असा त्याचा हिशेब.

"तू 'अरे वा' म्हणालीस," तो म्हणाला. "मग पुन्हा सात कसं सांगू?"

मी संशोधनाच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. बाई चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे दादाची नोंद बाद केली, मग माझ्या यादीतल्या बाकी शंभर जणांच्याही. मी म्हटलं, मला काढा, पण त्याला व्यायामाला परत घ्या. त्या म्हणाल्या, रांगेत साठ माणसं आहेत आणि बाद झालेल्याला रांगेतही उभं करता येत नाही. मला तेवढं काढलं. बाहेरच्या दोन दवाखान्यांनी दादाचे रिपोर्ट पाहिले आणि काही दोष नाही, मन रमवा, असं सांगितलं.

पुढे संशोधनाचा अहवाल आला. बहुतेक रुग्ण वर्षभरात सुधारतात, असं त्यात होतं. दादा त्यात बऱ्यांमध्ये नव्हता, आजाऱ्यांमध्येही नव्हता. मी तो अहवाल दोनदा वाचला.

दर रविवारी मी त्याला फोन करते. इकडचं तिकडचं बोलतो. परवा राहवलं नाही, विचारलं, दादा, दहापैकी किती?

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला.

"ऑफिसातून विचारतेस की घरून?"

"घरून. ऑफिस कुठलं आता."

"मग नऊ," दादा म्हणाला.

सवयीने मी पेन उचललं. लिहायला कागद नव्हता.