तारेतला पाऊस

त्या भादव्यात वैजापुरात झड बसली ती उठायचं नाव घेईना. चुली पेटत नव्हत्या, कपडे वाळत नव्हते आणि माणसं एकमेकांशी बोलायलाही कंटाळली होती.

गयास तहसिलीत कारकून होता. संस्थानच्या राजधानीतून, हैदराबादहून, दर आठवड्याला हवामानाची तार उर्दूत यायची. बाजारच्या दिवशी ओट्यावर उभं राहून ती मराठीत सांगायचं काम त्याच्याकडं होतं. लागोपाठ दोनदा तारेत उघाड पडणार असं आलं. त्यानं तसंच सांगितलं आणि पाऊस कोसळतच राहिला. या खेपेला तार म्हणत होती, आठवडाभर जोराचा पाऊस. डोक्यावर पोती घेतलेली माणसं मान वर न करता कांदे निवडत राहिली.

गयासच्या डोळ्यांपुढं मात्र शेजारच्या भागूबाईचं घर आलं. नवरा वारलेला, सासू लक्ष्मीबाई कमरेतून गेलेली. धाब्याच्या सपाट छतावरची माती पाणी पिऊन जड झाली होती. तो तडक तिच्याकडं गेला.

"भागूबाई, आमच्याकडं चला. अजून लई पाऊस हाय म्हणं."

ती घमेल्यानं गळतीचं पाणी बाहेर टाकत होती. "मागं तुम्हीच म्हणला व्हता ना, उघाड पडंल?"

"व्हय. चुकलं ते."

"मंग हे तरी खरं कशावरून?"

"मला नाय ठावं," गयास म्हणाला. "पण ती तुळई बघा."

भागूबाईनं वर पाहिलं. खाटेच्या नेमकी वर तुळई वाकली होती. "मला आता इचार करायचंबी बळ नाय, गयासभाई. उचला खाट."

गल्लीतल्या फकिरा नावाच्या गड्याला हाक मारून गयासनं म्हातारीला खाटेसकट आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोनं, आबेदानं, एकुलती कोरडी खोली मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही. गयास रस्त्यानं निघाला की लोक मुद्दाम आभाळाकडं बघायचे. भागूबाई वैतागून बोचकं बांधू लागली, पण लक्ष्मीबाई ऐकेना.

"इथं अंगावर थेंब पडत नाय. लई दिसांनी झोप लागली. मला नको हलवू."

"रहने दो ना उनको," आबेदा म्हणाली. भागूबाई चिडून बोचक्यावरच बसली.

त्याच दुपारी, लख्ख उन्हात, भिजून वाळायला लागलेली तिच्या घराची मागची भिंत तडकली आणि सगळं धाबं खाली आलं. खाटेची जागा मातीखाली गेली.

लोक धावत आले. "गयासमियाँ, तुमची तार खरी ठरली!" कुणीतरी म्हणालं. तारेतला पाऊस पडलाच नव्हता, हे सांगावं असं गयासला वाटलं, पण तोंड उघडायचाही शीण आला. त्यानं फावडं घेतलं. दिवस कलेपर्यंत तो आणि भागूबाई माती उपसत होते. जातं शाबूत निघालं. भागूबाई त्या जात्यावर टेकली.

"रडूबी येत नाय बघा," ती म्हणाली.

गयास तिच्याजवळ मातीत बसला.

संध्याकाळी लक्ष्मीबाईनं विचारलं, "भागू, घरी कवा जायाचं?"

आबेदानं म्हातारीपुढं भाकरी ठेवली. "अभी नको, मावशी. भिंती लई ओल्या हायत."

"मंग ऱ्हाऊ या," म्हातारी म्हणाली. भागूबाईनं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला आणि सासूला भरवला.