सुभानरावांच्या होकाराचा वेग

भाजी कुठली आणू, एवढ्या प्रश्नाला सुभानराव मोहित्यांना चार दिवस लागत. अवघड प्रश्नाचं तर विचारूच नका. आणि घराण्याची रीत अशी, की बापाचा ‘हं’ ऐकू आल्याशिवाय सोयरिकीचा गूळ कुणी तोंडात घालायचा नाही. थोरल्या मुलाच्या, कुशलच्या वेळी मुलीकडच्यांनी त्यांच्याच ‘हं’ची वाट पाहिली होती. तो आला तेव्हा ती मुलगी दुसऱ्या घरून बारशाचं आमंत्रण घेऊन दारात उभी होती.

आता धाकट्या सानवीची पाळी. मांजलपूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये होणाऱ्या जावयाची, उत्कर्षची, छाणी गावची गुजराती माणसं गोळधाणा, म्हणजे सोयरीक पक्की करायचे गूळ-धणे, घेऊन बसलेली. मुहूर्त बारा-वीसपर्यंत. आज नाही तर पुन्हा नाही, असं त्याच्या दादाजींनी बजावलेलं. आणि बाबा छताकडे बघत.

सानवी अलकापुरीत बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची. अभिक्रियेचा वेग वाढवणं तिच्या हातचा मळ.

“आई, तापमान वाढव,” ती कुजबुजली. “दहा अंशांनी वेग जवळजवळ दुप्पट होतो.”

मृदुलाबाईंनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. मे महिना होता.

वेग वाढला, पण बाकी सगळ्यांचा. गूळ पाघळला, धणे त्यात बुडाले, उत्कर्षचे काका आणि मामा सोळा वर्षांपूर्वीच्या पंगतीवरून भांडायला लागले. “मृदुलाबेन, पंखो तो चालु करो!” उत्कर्षची आई भक्तीबेन कळवळली. सुभानरावांना साधा घामही नव्हता.

पदार्थाचा चुरा केला की तो लवकर विरघळतो, म्हणून सानवीने प्रश्नाचा चुरा केला. “बाबा, मुलगा बरा? नोकरी बरी? छाणी बरी?” एकाचे तीन झालेले पाहून बाबांनी डोळे मिटले.

शेवटी मृदुलाबाईंनी उत्प्रेरक पुढे ढकलला: चिमणाआत्या. आत्याने एकवीस लग्नं जुळवली होती आणि स्वतःत काडीचा बदल होऊ दिला नव्हता.

“त्याला काय ढोसताय?” आत्या म्हणाली. “‘हं’ म्हणजे पोर घराबाहेर. एवढा चढ कोण पळत चढेल? दुसरी वाट दाखवा त्याला.”

बारा-सोळा. सानवी बाबांसमोर खाली बसली.

“बाबा, ‘हं’ म्हणूच नका. नको असेल तर तेवढं ‘नाही’ म्हणा. चार मिनिटं आहेत.”

सगळे सुभानरावांच्या ओठांकडे बघत राहिले. काका-मामासुद्धा. ओठ एकदा हलले, भक्तीबेनने पदर तोंडाला लावला, आणि बारा-वीस झाले.

“नकार आलेला नाही,” आत्याने जाहीर केलं आणि पाघळलेला गूळ चमच्याने सानवीच्या तोंडात घातला.

बाबांच्या डोळ्यांत तत्क्षणी पाणी आलं. इतक्या वेगाने बाबांचं काही होऊ शकतं, हे सानवीला ठाऊकच नव्हतं.

‘हं’ पुढच्या महिन्यात आला. मृदुलाबाईंनी लगेच छाणीला फोन लावला, तर भक्तीबेनने विचारलं, कशाबद्दल?