घोडा येतोय

जावईबापूंचा धंदा वेबसाइट बनवण्याचा आणि सासूबाईंचं कोट-पँट शिवण्याचं दुकान. म्हणजे दुकानाची वेबसाइट घरच्या घरी व्हायला हरकत नव्हती. पण जावई कामाला बसले की आधी प्रश्न विचारत.

"आई, आपलं गिऱ्हाईक नेमकं कोण?"

"ज्याला अंग आहे तो."

"तसं नाही. त्याचं वय, आवडीनिवडी..."

"मी माप घेते, मुलाखत नाही."

एवढं होऊन काम महिनाभराचं! सासूबाईंनी तोंडात टाचण्या धरून सगळं ऐकून घेतलं आणि जावयाची पाठ वळताच लेकीच्या टॅबवर एक फुकटचं ॲप उतरवलं. 'कुणालाही जमेल' असं त्यावर लिहिलंच होतं. तयार नमुन्यांतला एक छान तपकिरी नमुना त्यांनी निवडला, त्यातले कुत्र्यामांजरांचे फोटो काढून टाकले, कोटांचे लावले आणि वर दुकानाचं नाव घातलं. नमुना जनावरांच्या दवाखान्याचा होता, पण रंग झकास होता. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा त्यांना नक्षी वाटल्या. त्या रेघांच्या पोटात एक अख्खं पान दडलं होतं: 'आपल्या लाडक्याला तपासायला आणा. वेळ ठरवा.'

त्याच आठवड्यात एक बाई कुत्रा घेऊन दुकानात शिरल्या.

"डॉक्टर कुठेत?"

"डॉक्टर नाहीत. मी कपडे शिवते."

"अहो, वेळ दिलीय तुम्ही मला! याचं ऑपरेशन झालंय आणि हा मेला टाके चाटत बसतो."

सासूबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं. एवढं लांब पोट आणि एवढे आखूड पाय त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला नव्हते. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"टाक्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा," गळ्यातली टेप काढत त्या म्हणाल्या, "पण चाटता येणार नाही असं काहीतरी शिवून देते. ए, सरळ उभा राहा!"

मऊ सुती कापडाचा, पाठीवर बंद असलेला अंगरखा घालून कुत्रा ऐटीत बाहेर पडला. सासूबाईंची छाती फुगली. तेवढ्यात दारात खोकणारा पोपट आला. पोपटाला वाटेला लावतात तोच फोन वाजला. समोरचा गृहस्थ विचारत होता, "घोडा कुठे बांधायचा?"

आता मात्र त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, मोकळे आहात का? सहज आपलं विचारलं."

"काय झालं, आई?"

"घोडा येतोय."

जावई धावत आले. सगळा प्रकार ऐकून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. खांदे मात्र हलत होते. आधी त्यांनी घोडेवाल्याला फोन करून वाटेतूनच परत पाठवलं, मग रेघांवर बोट ठेवून ते पान बंद केलं. सासूबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"विचारा काय ते."

महिन्याभराने साइट झाली, आणि देखणी झाली. कोटांच्या शेजारी अंगरख्यातला कुत्राही झळकला. "पण मला त्यात स्वतः बदल करता आले पाहिजेत," सासूबाईंनी बजावलं. जावयाने लगेच एक बटण करून दिलं. त्याने फक्त मागचा रंग बदलायचा, बाकी काही हलायचं नाही.

आपल्याला बनवलंय हे सासूबाईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पण रोज सकाळी त्या नवा रंग लावतात आणि जावयाला फोन करून गंभीरपणे सांगतात, "आज बरंच काम केलं हो साइटवर."